कोळसा पुरण्याचा समारंभ

हवेतून काही काढून घ्यायचं असेल तर नगरपालिकेला विचारावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. हवेत काही सोडायचं असेल तर कुणाला विचारावं लागत नाही. आमच्या समोरच्या रस्त्यावरून दिवसभर गाड्या धूर ओकत जातात, त्यांना कुणी हटकलेलं मी पाहिलं नाही. मी एक लोखंडी पिंप घेऊन इमारतीच्या मागच्या अंगणात उभा राहिलो मात्र, अख्खी इमारत खाली उतरली.

पण आधी मुलीचं सांगतो, कारण हा सगळा खटाटोप तिच्यापायी झाला.

आमची ढमी. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी. आता हाडं मोजून घ्यावीत अशी झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती इंजिनिअर. लांब कुठेतरी माळावर तिच्या कंपनीचा कारखाना होता. तिथे घराएवढाले पंखे हवा आत ओढायचे, त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचे आणि तो खोल खडकात नेऊन गाडायचे. गाडलेला वायू पुढे दगड होऊन बसतो म्हणे. जगाचं तापमान ज्याच्यामुळे वाढतंय, तोच हा वायू. मला यातलं पहिल्यांदा काही कळलं नाही, पण मुलगी हवा धुऊन देते एवढं कळलं आणि तेवढ्यावर मी बरीच वर्षं छाती काढून चाललो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर जप्त करायचे. दोष काढणं हा माझा स्वभाव नाही, तो पेशा होता. बायकोचं म्हणणं याच्या उलट आहे, पण ते सोडा.

तर ही मुलगी एक दिवस अचानक घरी आली. हातात एक बॅग. "तिकडचं संपलं," एवढंच म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. मी ताडलं, कंपनी बुडाली असणार. कंपन्या बुडतातच. लोकांनाही मी तसंच सांगितलं. चार दिवस आराम करेल आणि उठेल, असा माझा हिशेब होता. पण ती उठेचना. पडदे ओढलेले, जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि दोन घास कमी झालेलं ताट उचलून आणायचं. घरात आम्ही दोघं कुजबुजत बोलायला लागलो. टीव्हीचा आवाज इतका बारीक, की बातम्या देणारी बाई नुसतीच तोंड हलवते आहे असं वाटायचं. तसं बातम्यांत ऐकण्यासारखं काही नव्हतंच. कुठे जंगल पेटलेलं, कुठे पाणी चढलेलं.

शेजाऱ्यांनी सल्ल्यांची खैरात केली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "रक्त तपासून घ्या. आणि अक्कलदाढ बघितली का? अक्कलदाढेने माणूस खचतो." इमारतीचे चेअरमन म्हणाले, "लग्न करून टाका." चेअरमनना गळक्या नळापासून मानसिक आजारापर्यंत हा एकच उपाय ठाऊक आहे. स्वतःच्या लग्नाचा अनुभव जमेस धरून माणूस असं कसं बोलू शकतो, हे मला कोडंच आहे.

बायको म्हणाली, "अहो, तिला बोलतं करा. बाप आहात ना?"

मी प्रयत्न केला. तिच्या पलंगाच्या कडेला बसलो आणि बराच विचार करून म्हणालो, "स्प्रिंगच्या काट्यापेक्षा दोन पारड्यांचा तराजू केव्हाही चांगला." तिने चादर डोक्यावरून घेतली. बाहेर आलो तर बायको दारामागे उभी. तिने कपाळावर हात मारला आणि स्वयंपाकघरात गेली. मला मनापासून वाईट वाटलं. पण मला दुसरं काही बोलताच येत नाही, त्याला मी काय करू?

अशात माझी दाढ दुखायला लागली. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत एक जुनं मासिक पडलं होतं, त्यात मला तो लेख सापडला. झाड हवेतला तो वायू शोषून घेतं आणि त्याचं लाकूड करतं. झाड कुजलं किंवा जाळलं, की वायू पुन्हा हवेत. पण त्याच फांद्या हवा लागू न देता भाजल्या, तर त्यांचा कोळसा होतो, आणि तो कोळसा मातीत पुरला तर शेकडो वर्षं तिथेच राहतो. वर माती सुधारते ती वेगळीच. मी ताडकन उठलो. घराएवढे पंखे लावून मुलीची कंपनी जे करत होती, ते मागच्या अंगणातली झाडं फुकटात करत होती, आणि आमचा माळी त्यांच्या छाटलेल्या फांद्या कचऱ्याच्या गाडीत घालत होता! दाढ तशीच ठेवून मी घरी आलो. ती अजून दुखते.

मनात म्हटलं, आपण हे करून दाखवू. कंपनी बुडाली तर बुडाली, काम काही बुडालेलं नाही, हे तिला दिसू दे. ती खिडकीतून बघेल आणि उठेल. माझा सगळा डाव एवढाच होता. जगाचं तापमान वगैरे नंतर.

भंगारवाल्याकडून पिंप आणलं, त्यात वाळक्या फांद्या कोंबल्या आणि काडी लावली. लेखात हवा लागू द्यायची नाही असं लिहिलं होतं, पण ती कशी लागू द्यायची नाही हे पुढच्या पानावर असावं, आणि ते पान कुणीतरी फाडून नेलं होतं. बघता बघता पिंपातून असा धूर उसळला की मला माझेच हात दिसेनात. वर डॉक्टरांचे पांढरेशुभ्र डगले वाळत होते, त्यांचा रंग गेला. चेअरमन "आग! आग!" करत जिन्यातून उतरले आणि उतरता उतरता त्यांनी फोनही केला. अग्निशामक दलाचा बंब आला. आमच्या कामाला इतक्या तत्परतेने सरकारी माणूस आल्याचं मी नोकरीतसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी पिंपावर पाणी मारलं आणि मग, मी पिंपाला चिकटून उभा असल्यामुळे, माझ्यावर.

आणि तेवढ्यात ढमीच्या खोलीची खिडकी धाडकन उघडली.

"झाकण! अहो बाबा, झाकण कुठाय? उघड्यावर जाळलंत तर राख होणार, कोळसा कसा होईल? एवढंही कळत नाही का?"

बायको हातात पळी घेऊन गॅलरीत धावत आली. "बोलली!" ती वरून ओरडली. "अहो, बोलली!" मी नखशिखांत भिजलेला, अग्निशामक दलाचा प्रमुख मला झापतोय, चेअरमन दंडाची भाषा करतायत, आणि मी मूर्खासारखा हसतोय. प्रमुखाला वाटलं, मला धूर चढला. त्याने मला खुर्चीवर बसवून जीभ बाहेर काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतून बोलावणं आलं. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "काय जाळता?"

"जाळत नाही. फांद्यांचा कोळसा करतो."

"म्हणजे जाळताच."

"हवा लागू देत नाही, त्यामुळे ते पुरतं जळत नाही."

"म्हणजे अर्धवट जाळता. त्याला तर दंड जास्त. धूर जास्त होतो."

"साहेब, मग तो कोळसा मी जमिनीत पुरतो."

"पुरता?" साहेबांचा चेहरा उजळला. "मग आमच्याकडे कशाला आलात? पुरण्याचं खातं वर."

वरच्या खात्यातले साहेब म्हणाले, आम्ही फक्त कचरा पुरू देतो आणि कोळसा हा कचरा नाही, इंधन आहे. इंधन पुरता येत नाही, साठवता येतं. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, हे हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घ्यायचं काम आहे."

"कुणाच्या हवेतला?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. शेवटी असं ठरलं की धूर न करता काय ते करा, पण तयार कोळसा माणसांच्या वावरात ठेवायचा नाही. गच्चीवर टाकीच्या बाजूला ठेवा, आणि पुरायचं झालं तर आम्हाला बोलवा. मी खाली मान घालून घरी आलो. ज्या माणसाने उभ्या बाजारपेठेला घाम फोडला, त्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर टोलवलं होतं. हे बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बाजारपेठेला आता कसं वाटत असेल!"

पण पिंपापाशी गंमत झाली होती. ढमी खाली आली होती. पायात बाथरूमच्या चपला, केस विस्कटलेले, उन्हाने डोळे बारीक झालेले. एका मोठ्या पिंपात एक छोटं पिंप बसवून तिने मला दाखवलं. आतल्यात फांद्या आणि वर झाकण, बाहेरच्यात विस्तव. धूर जवळजवळ नाही. संध्याकाळी झाकण उघडलं तर आत काळाभोर, हलका, टणत्कार करणारा कोळसा. तिने एक तुकडा उचलून बोटांनी वाजवला आणि माझ्या कानापाशी धरला. "आवाज ऐका. काचेसारखा आला की समजायचं, जमला." तिचं बोट काळं झालं होतं, ते तिने माझ्या नाकाला पुसलं. लहानपणी असंच करायची.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मी चुकलो की ती येते. नीट केलं की खोलीत जाते. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? मी ओल्या फांद्या भरल्या, ती खाली आली. झाकण उलटं लावलं, ती खाली आली. ज्याने उभ्या हयातीत मापात गुंजभर फरक चालू दिला नाही, तो मी, मुलीच्या हाताखाली ढ ठरत गेलो. "बाबा, तुम्ही नोकरी केलीत तरी कशी?" असं ती म्हणाली तेव्हा ते मनाला लागलं, पण मी पुढचं झाकणही उलटंच लावलं.

एक चूक मात्र खरी होती. कच्चा कोळसा तसाच मातीत घालायचा नसतो, आधी शेणखताच्या पाण्यात मुरवावा लागतो, नाहीतर तो मातीतलंच सत्त्व ओढून घेतो, हे तिने मला बजावलं होतं. मला वाटलं, गुलाबाला काय कळतंय? चेअरमनच्या गुलाबांच्या बुंध्याशी मी दोन घमेली रिकामी केली. आठवडाभरात गुलाब पिवळे पडले. चेअरमननी जिन्यात मला अडवून विचारलं, "माझ्या झाडांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?" त्यानंतर त्यांनी बैठक बोलावली आणि पिंपांना इमारतीच्या आवारात बंदी घातली. डॉक्टरांनी डगल्यांचा विषय पुन्हा काढला. ढमी दोन दिवस बाहेर आली नाही. ताट दाराशी ठेवताना बायको माझ्याकडे जे बघायची, त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्हाला वाचवलं ते नगरपालिकेने, म्हणजे पाहा. पर्यावरणाचं चांगलं काम करणाऱ्या इमारतीला फाटकावर लावायला पितळी पाटी द्यायची असं त्यांनी काढलं. चेअरमनना पाटीचा वास आला. दुसऱ्याच दिवशी ते आमच्या दारात. "अहो, आपल्या त्या प्रकल्पाचं कुठवर आलं?" 'आपल्या' हा शब्द ऐकून मला ठसकाच लागला. पण पिंपं परत आली, आणि ढमीही.

तिने मग मान खाली घालून काम केलं. कोळशाची पोती भरली, तोंडं शिवली आणि गच्चीवर टाकीच्या आडोशाला रचली. माझा जुना काटा मागून घेतला आणि प्रत्येक पोतं जोखलं. गाडीच्या किती फेऱ्यांचा धूर त्यात अडकलाय हे ती मला समजावून सांगायची. फार नव्हता. डॉक्टरांनी सुट्टीला एकदा गाडी बाहेर काढली की आमचं एक पोतं संपलं, असा काहीसा हिशेब होता. मी तो ऐकून खट्टू झालो. ती म्हणाली, "असू दे बाबा. पण हे खरं आहे ना? मोजलंय ना आपण?" आणि पोत्यावर थाप मारली. ती जेवायला टेबलाशी येऊन बसायला लागली. एकदा तर मीठ मागितलं. बायकोने मीठ देताना डोळ्याला पदर लावला आणि कांद्यावर ढकललं, कांदा घरात नसताना.

चेअरमननी रविवारी समारंभ ठेवला. नगरपालिकेचे वरच्या खात्यातले साहेब येणार, मागच्या अंगणात खड्डा खणून ठेवायचा, पोती विधिवत पुरायची, आणि त्याआधी गच्चीवर अल्पोपाहार. ढमी यायला तयार नव्हती. मी तिच्या दाराशी बसून राहिलो. "तुझं काम आहे, तू हवीस." शेवटी ती उठली. केस विंचरले, इस्त्रीचे कपडे घातले. बायको तिच्याकडे अशी बघत होती की मला दुसरीकडे बघावं लागलं. या सगळ्यात आम्हाला उशीर झाला. जिना चढताना वरून फार छान वास येत होता.

गच्चीवर पोहोचलो तर मक्याची कणसं भाजणं चाललं होतं. चार विटा, त्यावर जाळी आणि खाली लालबुंद निखारे. झालं होतं असं, की कणसं आणायची चेअरमनच्या लक्षात राहिली आणि कोळसा आणायचा राहिला. लोक भुकेले, साहेब आलेले. मग कुणीतरी टाकीच्या आडोशाला बघितलं. टाकीपाशी आता पोत्यांची नुसती रिकामी कातडी पडली होती. एक पोतं अर्धं उरलं होतं, आणि डॉक्टर त्यातून चिमट्याने निवडून निवडून तुकडे घेत होते.

नगरपालिकेचे साहेब कणसाला लिंबू चोळत म्हणाले, "वा! काय धग आहे हो या कोळशाला! बाजारात असला मिळत नाही."

"घरचा आहे," चेअरमन अभिमानाने म्हणाले. मग आम्हाला बघून, "या, या! तुमचीच वाट बघत होतो. दोन शब्द बोला!"

मी एक रिकामं पोतं उचललं. "अहो, हा... हा पुरायचा होता ना!"

"पुरू की उरलेला. साहेबांनी खड्ड्यात मूठभर टाकायचा आणि फोटो काढायचा. तेवढ्याला किती लागतो?"

"तो जाळायचा नव्हता!"

"कोळसा जाळायचा नाही, तर काय चावायचा?" चेअरमन म्हणाले आणि सगळे हसले. मला वाटतं, ते खरोखरच न समजून म्हणाले. त्याचाच मला जास्त राग आला.

मी ढमीकडे पाहिलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, झाकणावरून ओरडली तशी. ती हसली. पण तिचं ते हसणं ऐकून बायकोने पुढे होऊन तिचा दंड धरला.

त्यानंतर मी जे केलं त्याबद्दल मला अजून खेद वाटत नाही. टाकीजवळ भरलेली बादली होती, ती उचलली आणि जाळीवर पालथी केली. फस्सकन वाफ उठली, काळं पाणी उडालं. साहेबांचा सदरा, चेअरमनचा चेहरा आणि डॉक्टरांचा नवा कोरा डगला, सगळं एकदम. साहेब उरलेलं कणीस हातात घेऊनच जिना उतरले. पाटी गेली. चेअरमन मला म्हणाले, "तुम्ही माणसात राहायच्या लायकीचे नाही." कुणी त्यांना विरोध केला नाही. एकेक करून सगळे खाली गेले.

गच्चीवर आम्ही तिघंच उरलो. मी गुडघ्यावर बसून ओल्या चिखलातून जळायचे राहिलेले तुकडे वेचायला लागलो. तिला दाखवायला म्हणून.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. ती कठड्याला टेकून उभी होती. "आमच्याकडेही असंच झालं."

"कंपनी बुडाली ते ना?"

"कंपनी कुठे बुडाली? जोरात चाललीय. तुम्हीच सगळ्यांना बुडाली म्हणून सांगितलंत." मग ती सावकाश सांगायला लागली. "सुरुवातीला आम्ही खरंच पुरत होतो. नंतर त्यांनी दुसरीकडे एक नळ टाकला. तेलाच्या जुन्या विहिरींकडे. त्या विहिरींत तो वायू दाबून सोडला ना बाबा, की तळाशी राहिलेलं तेल वर येतं. आम्ही वायू हवेतून काढायचो, ते लोक त्याने तेल काढायचे. ते तेल जाळलं की पुन्हा तोच वायू हवेत. आणि तोही पुरला असं धरून आकडे मी लिहायची. मला बढती दिली त्याबद्दल."

बायको मटकन बादलीवर बसली.

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "आल्या आल्या सांगायचंस!"

"कसं सांगू? तुम्ही भाजीवाल्याला सांगता, माझी मुलगी हवा धुते. डॉक्टर दाढ बघत असतात, त्यांना तोंड उघडं असताना सांगता. फोनवर रोज मला विचारायचात, आज किती धुतली? मी काहीतरी आकडा सांगायची. तुम्हाला किती आनंद व्हायचा."

हातातले तुकडे तसेच धरून मी बसलो होतो. खाली रस्त्यावर गाड्या अडकल्या होत्या आणि सगळ्या एकदम भोंगे वाजवत होत्या. म्हटलं काहीतरी धीराचं बोलावं. दुसरी कंपनी असेल, चांगली असेल. तू हुशार आहेस. नाहीतर आपण पुन्हा पिंप लावू, चेअरमन गेला खड्ड्यात. एवढं सगळं ओठांवर आलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला आता काही दिवस काहीच करायचं नाहीये. काही वाचवायचं नाही, काही मोजायचं नाही. कुणी उठवायचं नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. मला ते मुळीच चालणार नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत होती, घरी आल्यापासून पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होती, म्हणून मी पुन्हा एकदा म्हटलं, "चालेल, बाळ."